अकीक घोटण्याचा छंद

नीरेच्या कांठच्या शेतकऱ्यास अकीक हें नांव फारसें परिचित नसलें, तरी तो दगड मात्र त्याच्या नित्याच्या पाहण्यांतील आहे. नांगराच्या फाळास लागून खणखणणारा, बांधावर फेकून दिलेला, राखणीच्या पोरांनीं गोफणींत घालून पाखरांवर भिरकावलेला, बाहेरून खडबडीत व बटाट्यासारखा दिसणारा जो पांढरट अगर राखाडी गोटा, तो पुष्कळ वेळां अकीकच असतो. आमच्याकडे त्यास सरसकट 'गार' किंवा 'गारगोटी' म्हणण्याचा प्रघात आहे. असा गोटा महिना-सवा महिना पाण्यांत व कुरुंदाच्या पुडींत फिरत ठेविला असतां त्याच्या पोटांतून जें रूप बाहेर येतें, तें पाहून तो जन्मभर पायाखालीं तुडविणाऱ्या माणसास हा आपल्याच वावरांतील दगड आहे हें खरें वाटत नाहीं.

सरकारी नोकरींतून वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं मोकळे झाल्यापासून आम्ही हा उद्योग निरवांगीस घरच्या पडवींत करीत आहों. त्याविषयीं मंडळाच्या सभासदांकडून वारंवार विचारणा होते. कोणी कृति विचारतात, कोणी खर्च विचारतात. तरुण मंडळी मात्र बहुधा एकच प्रश्न विचारते, कीं यांत पैसा किती? त्या प्रश्नाचें उत्तर शेवटीं देऊं, कारण तें देतांना कायद्याचा व प्रकृतीचा विचार करावा लागतो, आणि तो विचार न करतां या कामांत पडणाऱ्याचें नुकसान होण्याचा संभव आहे.

प्रथम हा दगड येथें आला कोठून तें पाहूं. म्हणजे तो कोठें शोधावा हेंही आपोआप कळेल. आपला सारा दख्खन ज्या काळ्या कातळाचा बनला आहे, तो कातळ म्हणजे सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वाहून आलेला व थरावर थर साचून निवालेला लाव्हा होय. भाकरी भाजतांना तींत वाफ कोंडून जसे फुगे येतात, तसे त्या तप्त रसांत वायूचे बुडबुडे अडकले व रस निवाल्यावर त्या जागीं पोकळ्या राहिल्या. कांहीं वाटोळ्या, कांहीं बदामाच्या आकाराच्या, कांहीं मोहरीएवढ्या, तर कांहीं माणूस आंत बसेल एवढ्या. पुढें लक्षावधि वर्षें कातळांतून पाणी झिरपत राहिलें. त्या पाण्यांत विरघळलेलें गारेचें द्रव्य, ज्यास शास्त्रांत सिलिका म्हणतात, तें पोकळीच्या भिंतीवर पापुद्र्यामागें पापुद्रा असें बसत गेलें. पापुद्र्यांत लोहाचें प्रमाण कमीजास्त, दाणा कमीजास्त बारीक, म्हणून रंगांत फरक. कांदा आडवा कापला असतां जसे पदर दिसतात तसेच पदर या दगडांत दिसतात तें यामुळें. पोकळी पुरती भरली कीं भरीव अकीक होतो. मध्यें जागा उरली तर तेथें स्फटिकाचे टोकदार दांत उगवतात.

कांहीं पोकळ्यांत गारेऐवजीं निराळींच खनिजें बसलीं. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत सांपडलेलें निळें कॅव्हन्साइट आणि पाषाणच्या खाणींतील हिरवें अपोफिलाइट यांस देशोदेशींच्या संग्रहालयांत मान आहे. १८६३ सालीं पुऱ्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गासाठीं डोंगर फोडतांना अशीं खनिजें विपुल निघालीं. हें सारें प्रत्यक्ष पाहण्याची ज्यांस इच्छा असेल त्यांनीं नाशिक जिल्ह्यांत सिन्नर येथील 'गारगोटी' नांवाचें संग्रहालय पाहावें. तें २००१ सालीं सुरू झालें. आमच्या कामाच्या दृष्टीनें मात्र हीं सुंदर खनिजें निरुपयोगी आहेत. तीं मऊ असल्यामुळें अकीकाबरोबर डब्यांत घातलीं तर त्यांचें पीठ होतें.

ऊन, पाऊस व मुळें यांच्या माऱ्यानें काळा कातळ कुजतो. त्याचा मुरूम होतो व मुरमाची काळी माती होते. अकीक मात्र कुजत नाहीं. ज्या कातळानें आम्हांस शाळूची जमीन दिली, त्याच्याच पोटांतील हे गोटे माती होण्याचें नाकारून मागें राहिले आहेत. म्हणून ते शोधण्यास डोंगर फोडावा लागत नाहीं. नव्या विहिरीच्या कांठचा ढीग ही सर्वांत उत्तम जागा. कारण तेथील दगड ताजा, न तडकलेला व रंगाचा असतो. त्याखालोखाल ओढ्याचें पात्र, तेंही पहिला पूर ओसरल्यावर. तिसरी जागा सांगतांना आम्हांस थोडें हसूं येतें. सात-बाराच्या उताऱ्यावर पोटखराबा म्हणून ज्या तुकड्यांची नोंद आम्हीं उभ्या नोकरींत हजारों वेळां केली, जेथें कुसळाखेरीज कांहीं उगवत नाहीं व ज्यावर बहुधा आकारणीही नसते, त्याच माळाच्या कडेस आम्हांस अतिशय सुरेख पट्ट्यांचे गोटे मिळाले आहेत. नीरेच्या मुख्य पात्रांतील खडींतही अकीक आहेत, आणि नदीनें ते आधींच अर्धे घोळून दिलेले असल्यामुळें आपलें पहिल्या टप्प्याचें काम निम्में होतें. परंतु नदीविषयीं पुढें आणखी लिहावयाचें आहे.

हा दगड ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. चाकूच्या टोकानें ओरखडा काढून पाहावा. अकीकावर तो उठत नाहीं, उलट चाकूचें लोखंडच दगडावर काळ्या रेघेच्या रूपानें उतरतें. बाटलीच्या कांचेवर दगड घासला असतां कांचेस चरा पडतो. पांढऱ्या रंगाने फसूं नये. आपल्याकडे चुनखडीचे गोटेही पांढरे असतात, परंतु त्यांवर लिंबाचा रस पिळला असतां बारीक फेंस येतो, अकीकावर येत नाहीं. टवका उडालेली जागा फुटक्या कांचेसारखी गुळगुळीत व शिंपल्यासारखी खोलगट दिसते. शेवटची परीक्षा सूर्यासमोर धरण्याची: पातळ कडेंतून उजेड आरपार दिसला तर दगड निश्चित घ्यावा. गारेच्या जातीचाच परंतु अपारदर्शक, तांबडा अगर हिरवा असा जो यशब, तोही घेण्यास हरकत नाहीं; तो उत्तम घोटला जातो. ज्याच्या अंगावर नखानें जाणवेल अशी भेग आहे तो गोटा कितीही रंगीत असला तरी टाकून द्यावा. तो डब्यांत फुटेल, आणि त्याची धारदार कपरी शेजारच्या दहा दगडांची तोंडें खराब करील. आमच्या वाडवडिलांच्या बटव्यांत चकमकीबरोबर जी गार असे ती याच कुळांतील.

मनुष्यानें या दगडाची पारख फार पूर्वीं केली. आपल्याच जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनीं १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलें. तेथें तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं शेतकऱ्यांची वस्ती होती. ते लोक जव पिकवीत, आणि पुराचें पाणी वळविण्यासाठीं त्यांनीं पाट खोदला होता असें उत्खनकांचें मत आहे. तांबें त्यांच्यापाशीं थोडें, म्हणून रोजची पातीं गारेच्या जातीच्या कॅल्सेडनी नांवाच्या दगडाचीं. हा दगड म्हणजे बिनपट्ट्यांचा अकीकच म्हणावयास हरकत नाहीं. गळ्यांतील मणीही अकीकाचे व तांबड्या अकीकाचे सांपडले. घोड काय आणि नीरा काय, दोघीही भीमेलाच मिळतात. तेव्हां ही विद्या आपल्या खोऱ्यास नवी नाहीं. पुढें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक व्यापारी ग्रंथांत पैठणहून सुलेमानी दगड गाड्यांतून मोठ्या प्रमाणांत भडोचच्या बंदरास जात असल्याचा उल्लेख आहे. म्हणजे ज्या गोट्यांचा आम्ही बांध घालतों, त्यांची एके काळीं परदेशीं निर्यात होत होती.

आज या कामाचें हिंदुस्थानांतील माहेरघर गुजराथेंत खंबायत हें आहे. तेथील कारागिरांस कच्चा माल पूर्वापार भडोच जिल्ह्यांतील रतनपूरच्या खाणींतून येत आला. त्यांची रीत शेतकऱ्यानें समजून घेण्यासारखी आहे, कारण तींत शेतावरचींच साधनें आहेत. प्रथम दगड उन्हांत वाळवितात. मग मातीच्या मडक्यांत घालून शेणाच्या गोवऱ्यांच्या मंद आंचेंत भाजतात. दगडांतील लोहाचा पिवळट गंज या उष्णतेनें तांबडा होतो आणि मळकट गोटा डाळिंबाच्या दाण्यासारखा दिसूं लागतो. नंतर जमिनींत रोवलेल्या लोखंडी खुंटीच्या टोकास दगड टेकवून दुसऱ्या बाजूनें शिंगाच्या डोक्याच्या हातोडीनें हलके ठोके देतात व त्यास आकार आणतात. लोखंडाचा हातोडा दगड फोडतो. शिंग मात्र फक्त टवका उडवितें. शेवटीं मण्यांची जिल्हई. जुन्या रीतींत मणी, कुरुंदाची पूड व पाणी चामड्याच्या मजबूत पिशवींत भरून तिचें तोंड आवळीत, आणि दोन माणसें समोरासमोर बसून ती पिशवी दहा-पंधरा दिवस इकडून तिकडे ओढीत. आमचा विजेवर फिरणारा डबा म्हणजे ती चामड्याची पिशवीच होय. ओढणारीं दोन माणसें तेवढीं कमी झालीं.

जर्मनींत इदार-ओबरस्टाइन हें गांवही याच कामावर जगलें. तेथें नदीच्या पाण्यावर वालुकाश्माचीं मोठमोठीं चाकें फिरत आणि कारागीर लांकडी घोडीवर पालथे पडून, पोट दाबून, दगड चाकावर धरीत. त्यांचा स्थानिक दगड एकोणिसाव्या शतकांत संपत आला तेव्हां ब्राझिल देशास गेलेल्या त्यांच्याच लोकांनीं तिकडून दगड पाठविला व धंदा तरला. असो.

आतां आमच्या डब्याकडे वळूं. बाजारांत तयार यंत्रें मिळतात, परंतु तीं महाग. आम्हीं आमच्या भाच्याच्या मदतीनें, तो वायरमन आहे, घरींच बनविलें. डब्यासाठीं चार इंची पीव्हीसी नळीचा आठ इंच लांबीचा तुकडा घ्यावा. एका तोंडास टोपण कायमचें चिकटवावें; दुसरें रबरी चकती घालून आवळतां येईल असें करावें. आंतून जुन्या ट्रकच्या ट्यूबचें रबर अस्तरासारखें लावावें. यानें आवाज कमी होतो, नळी झिजत नाहीं व दगडांस मार लागत नाहीं. लांकडी चौकटींत बेअरिंगवर फिरणाऱ्या दोन लोखंडी सळया आडव्या बसवून त्यांवर रबरी नळी चढवावी; डबा या दोहोंवर नुसता ठेवावयाचा. एक सळई पट्ट्यानें मोटारीस जोडावी. मोटार लहान चालते, सुमारें चाळीस वॉटची, मात्र ती अहोरात्र चालण्याच्या जातीची असावी. शिलाईच्या यंत्राची मोटार स्वस्त म्हणून कोणी लावतात. ती थांबून थांबून चालविण्यासाठीं केलेली असल्यामुळें तासाभरांत तापते. हिशेब सोपा आहे: चाळीस वॉट चोवीस तास चालले म्हणजे दिवसास एक युनिटाच्या किंचित आंत, आणि महिन्यास एकोणतीस युनिटें.

वेग हा या यंत्राचा प्राण आहे. डबा फार जोरांत फिरला तर दगड भिंतीस चिकटून वर जातात व तेथून धाडकन कोसळून तडकतात. फार सावकाश फिरला तर तळाशीं नुसते लोळतात. ढिगाच्या माथ्यावरून दगडांनीं एकसारखें खालीं घसरत राहिलें पाहिजे, कारण झीज त्या घसरण्यांतच होते. चार इंची डब्यास मिनिटास पन्नास ते साठ फेरे योग्य. कान लावून ऐकावें. ओल्या वाळूवरून पाणी जावें तसा सळसळाट असेल तर ठीक, खडखडाट असेल तर बिघाड.

डब्याचा दोन-तृतीयांश भाग दगडांनीं भरावा. अर्धवट भरलेल्या डब्यांत दगड आपटतात, काठोकाठ भरलेल्यांत हालत नाहींत. लहान-मोठे मिसळून घालावे. सारे सारख्या आकाराचे असले तर खांचाखोंचांपर्यंत पूड पोंचत नाहीं. मात्र कठिणपणा सर्वांचा सारखा हवा. आमच्या डब्यांत दोन किलो माल मावतो. पाणी दगडांच्या वरच्या थराच्या किंचित खालीं राहील इतकेंच घालावें. पूड म्हणून आतां नैसर्गिक कुरुंदाच्या जागीं सिलिकॉन कार्बाईड, म्हणजे लोक ज्यास कार्बोरंडम म्हणतात तें, वापरतात. इंजिनाचे व्हॉल्व्ह घासण्यासाठीं फिटर लोक जी काळी पेस्ट वापरतात तींत हेंच द्रव्य असतें. परंतु ती तेलकट असल्यामुळें आमच्या कामाची नाहीं, सुकी पूडच आणावी. पुण्यास बोहरी आळींत घासकामाच्या सामानाच्या दुकानीं चौकशी करावी. नंबर जितका मोठा तितकी पूड बारीक.

पहिला घाणा साठ ते नव्वद नंबरच्या जाड पुडीचा. किलोस सुमारें चार मोठे चमचे पूड पुरे. सात-आठ दिवसांनीं उघडून पाहावें. अंगावरील खळगे गेले नसतील तर जुना राडा काढून नवी पूड घालून आणखी आठवडा चालवावें. या टप्प्यावर घाई करणाऱ्याचा पुढचा सारा महिना फुकट जातो, कारण बारीक पूड खळगे भरून काढीत नाहीं, त्यांस नुसती चकाकी देते, आणि चकाकणारा खळगा अधिकच डोळ्यांत भरतो. दुसरा घाणा दोनशेवीस नंबरचा, तिसरा पांचशेचा, प्रत्येकी एक आठवडा. तिसऱ्यानंतर दगड हातास लोण्यासारखा लागतो, परंतु वाळल्यावर मंद दिसतो. चौथा घाणा जिल्हईचा: सेरियम ऑक्साइड किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइड यांची मैद्याहून बारीक पूड, आणि दगड एकमेकांवर आपटूं नयेत म्हणून बरोबर प्लॅस्टिकचे बारीक दाणे. सात दिवसांनीं एक दगड काढून पुसून कोरडा करावा. ओला असतां फरशीचा तुकडाही चमकतो. कोरडा असतां जो ओल्यासारखा दिसेल तोच झाला असें समजावें. मग कपडे धुण्याच्या साबणाचा कीस घालून एक दिवस फिरवावें, म्हणजे फटींत बसलेली पांढरी पूड निघून जाते.

या सर्वांत अवघड काम कोणतें म्हणाल तर धुण्याचें. एका टप्प्यांतून दुसऱ्यांत जातांना प्रत्येक दगड, डब्याची कड, झांकणाची खांच दांत घासण्याच्या जुन्या ब्रशानें स्वच्छ केली पाहिजे. जाड पुडीचा एक कण जिल्हईच्या घाण्यांत शिरला तर सर्व दगडांवर ओरखडे उठतात. आमच्या घरीं यासाठीं निराळी परात व निराळी चाळण आहे. स्वयंपाकघरांतील चाळणीस या कामीं हात लावण्याचा विचारही कोणी करूं नये. आरोग्याच्या कारणास्तव, आणि गृहशांतीच्याही. निघालेला राखाडी राडा मोरींत ओतूं नये. तो सिमेंटासारखा घट्ट बसतो. परसांत खड्डा करून त्यांत टाकावा. डबा उघडतांना झांकण हलकेच सैल करावें. आंत कधीं कधीं वायु धरतो व झांकण उडतें.

वीज गेली तर पहिल्या टप्प्यास फारसा धोका नाहीं. डबा हातानें खळखळून पुन्हां चालूं करावा. फार वेळ गेला तर राडा तळाशीं बसतो, तो लांकडी काडीनें मोकळा करावा लागतो. आमच्या दोन किलो दगडांचें वजन शेवटीं दीड किलोच्या आसपास भरतें. म्हणजे चौथाई दगड पाण्यांत जातो, आणि उरल्यापैकीं खरोखर नजरेंत भरणारे फार तर दहा-बारा असतात. त्यांत एखादा असा निघतो कीं पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांच्या मध्यें शेंदरी ठिपका, जणूं गाभाऱ्यांतील समई. तो एक निघावा म्हणून माणूस पुढचा घाणा लावतो.

आतां प्रकृतीचा भाग. पाण्यांत बंद डब्यांत फिरणाऱ्या दगडापासून भय नाहीं. भय आहे तें कोरड्या घासण्यापासून. दगडाची एक बाजू सपाट करावी म्हणून कोणी तो कोरडाच ग्राइंडरवर धरतात, किंवा कटरनें कोरडा कापतात. त्या वेळीं उडणारी धूळ डोळ्यांस दिसते ती जाड. फुफ्फुसांत जाते ती दिसतच नाहीं. गारेची ही सूक्ष्म धूळ फुफ्फुसांत बसून तेथें कायमचे व्रण करते. यास सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारें औषध नाहीं, आणि तो झालेल्यास क्षय जडण्याचा धोकाही वाढतो. खंबायतचे अकीक घासणारे कामगार पिढ्यानपिढ्या या रोगास बळी पडत आले आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनें त्यांच्या पाहण्या केल्या आहेत. हें काम तेथें घरोघरीं चालत असल्यामुळें चाकावर न बसणारीं बायका-मुलेंही त्याच धुळींत श्वास घेत. उपरण्याचा पदर तोंडास बांधल्यानें ही धूळ अडत नाहीं. म्हणून आमच्या पडवींत कोरडें घासणें वर्ज्य आहे, राडा वाळूं देणें वर्ज्य आहे, आणि पूड मोजतांना नातवंडांस जवळ उभें राहूं देणें वर्ज्य आहे. जमिनीवर सांडलेली पूड केरसुणीनें झाडीत नाहीं, ओल्या फडक्यानें पुसतों.

राहिला पैशाचा प्रश्न. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या पंचक्रोशींत एक खरेदीदार गाडी घेऊन हिंडला. विहिरीच्या ढिगांतील गोटे तो पोत्यानें घेई, आणि स्फटिकाचे दांत असलेला एखादा मोठा गोटा दिसला कीं 'हा फुटका आहे' म्हणून त्यास वेगळा काढून पोत्याच्याच भावांत गाडींत टाकी. फुटका खराच, कारण फुटल्याशिवाय आंतील दांत दिसत नाहींत! अशा दगडाची किंमत पोत्यानें होत नाहीं, नगानें होते, एवढें तरी आपल्या लोकांस ठाऊक असावें. घोटलेल्या खड्यांचें म्हणाल तर बाजार स्वस्त मालानें भरलेला आहे. भडक निळे व गुलाबी जे अकीक जत्रेंत मिळतात ते रंगविलेले असतात. रंग भेगांच्या रेषांत गडद साठलेला दिसतो, ती खूण. राशीचा खडा म्हणून शंभरपट दरानें विकणारेही आहेत. दगड तोच. महिनाभर वीज जाळून दीड किलो खडे काढणाऱ्यास या बाजारांत मजुरी सुटावयाची नाहीं. ज्यास ऊंस, डाळिंब किंवा पानमळा सोडून हा धंदा करावासा वाटतो त्यानें आधीं एक घाणा काढून पाहावा व त्या दिवसांची मजुरी स्वतःच लावून पाहावी.

यापेक्षांही महत्त्वाची गोष्ट कायद्याची. ती आमच्या जुन्या खात्याची असल्यामुळें थोडी अधिकारानें सांगतों. सात-बारा आपल्या नांवावर असला म्हणजे जमिनींतील खनिजही आपलें, अशी सर्वत्र समजूत आहे. ती चुकीची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम ४८ नें खनिजांवर सरकारचा हक्क सांगितला आहे, आणि परवानगीवांचून खनिज काढणाऱ्यास त्याच कलमांत दंड आहे. अकीक पूर्वीं मोठ्या खनिजांच्या सदरांत येई; १० फेब्रुवारी २०१५ रोजीं केंद्र सरकारनें एकतीस खनिजें गौण म्हणून जाहीर केलीं त्यांत तो आला, व तेव्हांपासून त्याचे नियम राज्य सरकारच्या हातीं आहेत. छंदासाठीं कोणी चार गोटे वेंचून खिशांत घातले म्हणून तलाठी त्याच्या मागें लागल्याचें आम्हीं उभ्या नोकरींत पाहिलें नाहीं. परंतु टिकाव-फावडें घेऊन खणणें, पोतीं भरणें व विकणें हा निराळा प्रकार आहे. गाडी पकडली गेली तर खरेदीदार निघून जातो आणि पंचनामा ज्याच्या गटांत खड्डा असेल त्याच्या दारीं येतो. तहसील कचेरींत जाऊन गौण खनिजाच्या टेबलावर लेखी विचारणा करावी, उत्तरही लेखी घ्यावें, आणि मगच विक्रीचा विचार करावा. दुसऱ्याच्या वावरांतून एक गोटा उचलावयाचा तरी मालकास विचारून उचलावा, हें सांगावयास नकोच.

नदीविषयीं लिहितों म्हटलें होतें. नीरेच्या पात्रांत वाळूखालीं खडीचा जो थर असतो, त्यांत सह्याद्रीपासून खालपर्यंतचे दगड येऊन मिसळलेले आहेत. एका ओंजळींत पांच रंग मिळत. वाळू जशी उपसली गेली तसा हा थरही यंत्राच्या दांत्यांत सांपडून चाळणीवर गेला, व कोणाच्या तरी जोत्यांत भरला गेला. २७ फेब्रुवारी २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पांच हेक्टरांहून लहान क्षेत्रांतील गौण खनिजाच्या पट्ट्यांसही पर्यावरणाची मंजुरी आवश्यक ठरविली. तथापि रात्रीचे ट्रॅक्टर न्यायालयाचे निकाल वाचीत नाहींत. वाळूचा थर हा नुसत्या अकीकांचा पेटारा नव्हे. पुराचें पाणी धरून ठेवून तो कांठच्या विहिरींस पाझर देतो. ज्या जागीं पात्र कातळापर्यंत खरवडलें गेलें, त्या जागच्या कांठच्या विहिरींस फाल्गुनांतच तळ दिसूं लागल्याचें कांठचे शेतकरी आम्हांस सांगतात. आम्ही नदींतून दगड आणतों ते पृष्ठभागावर पडलेले, आणि उपरण्याच्या गांठींत मावतील तेवढेच.

ज्या सभासदांस डबा प्रत्यक्ष पाहावयाचा असेल त्यांनीं कोणत्याही रविवारीं तिसऱ्या प्रहरीं यावें. सध्यां दोनशेवीस नंबरचा घाणा चालूं आहे, त्यामुळें डबा उघडून दाखवितां येणार नाहीं, परंतु आवाज ऐकावयास मिळेल. येतांना आपल्या विहिरीच्या ढिगावरील आठ-दहा गोटे, बिनभेगेचे पाहून, अवश्य आणावे. पुढच्या घाण्यास आम्हांस अर्धा किलो माल कमी पडत आहे.